मास्तर, सहा किलो गेले खरे, पण गेले कुठून?

पत्र (थोडं आखूड केलंय):

मॅडम, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातला, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. वय ६९. बीपीची एक गोळी सोडली तर दुखणं काही नाही. फेब्रुवारीत गावात आरोग्य शिबिर झालं, तिथे वजन ७२ भरलं, उंची विचारली ती मी १७० सांगितली, त्यांनी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.९ काढून कागदावर 'नॉर्मल' लिहून दिलं. घरी नातवाने तेच आकडे मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये घातले, उत्तर २४.९ च आलं पण खाली नारिंगी रंगात 'ओव्हरवेट'. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, एकाच पेपराचे दोन निकाल कधी पाहिले नाहीत. त्यातला कडक निकाल मी खरा धरला. होळीचा शिगमा झाला तसं नुस्तं (मासे) बंद केलं, अंडी बंद केली, दुपारी भात मूठभर, रात्री पेज. रोज पाऊण तास चालतो. आता वजन ६६, बीएमआय २२.८, अ‍ॅप हिरवं झालं. पण बायको म्हणते गालफडं बसली. तिठ्यावर सगळे विचारतात, "बारीक जालो मरे तूं, साकर बी जाली काय?" पूजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि आता माझा एक मित्र, तो वाचतो खूप, म्हणतो म्हाताऱ्यांचा बीएमआय २७ हवा, तेच जास्त जगतात. तीन जणांची तीन उत्तरं. माझ्या वयाच्या पुरुषाचा बीएमआय नक्की किती हवा? आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) खायच्या की नाही तेही सांगा.
– एक मास्तर

नमस्कार मास्तर,

बीएमआयचं नंतर बघू, आधी ती अंधारी. तुमचं वजन सहा किलोनी उतरलं, खाणं अर्ध्यावर आलं, नुस्त्याबरोबर मीठही गेलं असणार, आणि बीपीची गोळी मात्र ७२ किलोच्या माणसाचीच चालू आहे, तर बीपी गरजेपेक्षा खाली जात असण्याची बरीच शक्यता आहे. या आठवड्यातच हेल्थ सेंटरवर किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि सरळ सांगा, की बसून बीपी घ्या आणि मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर गोळीचा डोस बघायला हवा. तो डॉक्टर बघतील, तुम्ही आपल्या मनाने गोळी बंद करू नका, ते अंधारीपेक्षा वाईट. तोपर्यंत पूजेला जमिनीवर न बसता उंच पाटावर किंवा स्टुलावर बसा, उठताना आधी पाय हलवा, मग हाताचा आधार घेऊन सावकाश उभे राहा, आणि उभं राहिल्यावर लगेच निरांजन घेऊन वळू नका. देव थांबतो एक मिनिट.

आता निकालाचं. तुम्ही मास्तर आहात म्हणून हे तुम्हाला पटकन कळेल. पेपर एकच होता, मार्कही तेच, फक्त पास व्हायची रेघ दोन ठिकाणी मारलेली होती. शिबिरवाल्यांकडे जागतिक आरोग्य संघटनेचा जुना चार्ट होता, त्यात १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ पासून ओव्हरवेट, ३० पासून लठ्ठ. तुम्ही अगदी रेघेवर लटकून पास. नातवाच्या अ‍ॅपने आशियाई लोकांची रेघ धरली. २००४ साली त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की आशियातल्या लोकांना मधुमेह आणि हृदयाचा त्रास बराच कमी बीएमआयपासून सुरू होतो, म्हणून २३ पासूनच सावध व्हा, आणि पुढे २००९ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनीही भारतीयांसाठी २३ च्या पुढे ओव्हरवेट आणि २५ च्या पुढे लठ्ठ असं ठरवलं. म्हणजे दोघांनीही चुकीचं काही सांगितलं नाही. फक्त कुठल्या बोर्डाचा पेपर आहे ते कोणी तुम्हाला सांगितलं नाही.

आपली रेघ अलीकडे का आणावी लागली त्याची एक गंमत आहे, आपल्या पुण्यातलीच. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात शेजारी शेजारी उभं राहून स्वतःचा फोटोच छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी तंतोतंत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय तोच आणि चरबी दुपटीपेक्षा जास्त! आपली शरीरंच तशी आहेत, हातपाय बारीक आणि साठा सगळा पोटात. आणि गोव्यात तर हे हसण्यावारी न्यायचं कामच नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरचा (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा मधुमेहाचा सर्व्हे आला त्यात आपलं गोवा पहिलं होतं, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एकाला शुगर. तुमच्या तिठ्यावरचे लोक "साकर जाली काय" विचारतात ते उगाच नाही, प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आहेच.

तर मग कडक निकाल धरला ते बरोबरच केलं की, असं म्हणाल. नाही ना. कारण बीएमआय म्हणजे काय तर किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, बस, एवढंच. त्यात तुमचं वय नाही, पोट नाही, मांड्या नाहीत, हाडं नाहीत. पाय सुजून अंगात दोन लिटर पाणी साठलं तरी बीएमआय वाढतो. हे गणित पहिल्यांदा मांडलं ते कोणा डॉक्टरने नाही, बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केतले या खगोल आणि संख्याशास्त्रातल्या माणसाने, १८३० च्या दशकात, आणि त्याला हवा होता समाजातला 'सरासरी माणूस'. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीजनी दिलं, तेही हजारो माणसांच्या गटांचा अभ्यास करायला सोपं पडतं म्हणून. म्हणजे कसं, की तिसरीच्या वर्गाची गणितात सरासरी ६२ आली तर वर्ग बरा आहे एवढं कळतं, पण मागच्या बाकावरच्या पोराला पाढे येतात की नाही ते त्यातून कळतं का? त्याला उभं करून विचारावंच लागतं. तसं तुम्हालाही उभं करून विचारायचंय, खरोखरच उभं करून, ते पुढे सांगते.

मित्राचंही पूर्ण खोटं नाही हं. २०१४ मध्ये ६५ च्या वरच्या सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात २७ च्या आसपास बीएमआय असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी दिसलं आणि २३ च्या खाली जाऊ लागलं की ते वाढत गेलं. पण ते बहुतेक पाश्चात्त्य लोक, त्यांच्या २७ मध्ये आणि आपल्या २७ मध्ये पोटाचा फरक आहे, याज्ञिक-युडकिनांसारखा. शिवाय जो आतून आजारी असतो तो आधीच बारीक होतो, त्यामुळेही बारीक लोक जास्त मेलेले दिसतात. म्हणून मित्राला म्हणावं २७ करायला मुद्दाम खाऊ नकोस. पण त्यातला एक भाग मी दुधासारखा वेगळा काढून घेते, साठीनंतर धोका फक्त वरच्या बाजूला नसतो, खालच्या बाजूलाही असतो. तिशीतल्या माणसाला २१ शोभतो, सत्तरीतल्या माणसाचा २४ चा २१ झाला तर मला काळजी वाटते.

आकडाच हवा असेल तर तुमच्या वयाच्या आपल्याकडच्या पुरुषाला मी साधारण २३ ते २५-२६ मध्ये, पोट आटोक्यात ठेवून, सुखाने राहू देते. हा माझा हिशोब, कुठल्या चार्टवर छापलेला नाही, वरच्या दोन्ही गोष्टी पदरात घेऊन काढलेला. आणि त्या हिशोबाने तुम्ही फेब्रुवारीत तसे बरेच होतात, फक्त पोट बघायला हवं होतं.

आता तुमची उंची. शिबिरात तुम्ही १७० 'सांगितली', मोजली नाही. ही १७० कुठली, सर्व्हिस बुकातली ना? नोकरीला लागताना मोजलेली, म्हणजे पंचविशीतली. मास्तर, माणूस म्हातारपणी खचतो, मणक्यांमधल्या चकत्या बसतात, पाठ जरा वाकते. पुरुषांची उंची तिशी ते सत्तरी यात साधारण तीन सेंटीमीटर कमी होते आणि ऐंशीपर्यंत पाच. अनवाणी भिंतीला टाचा लावून उभे राहा, नातवाला डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरायला सांगा आणि पेन्सिलीने खूण करा, मग टेपने मोजा. समजा १६७ भरली. तर फेब्रुवारीतला तुमचा बीएमआय २४.९ नव्हताच, २५.८ होता, आणि आजचा २२.८ नाही, २३.७. बघा, एक ग्रॅम वजन न हलता जवळजवळ एक आकडा इकडचा तिकडे झाला, आणि आपण दशांशावरून नुस्तं बंद करतो! (उंची चार सेंटीमीटरपेक्षा जास्त घटलेली दिसली तर मात्र डॉक्टरांना मुद्दाम सांगा, हाडं ठिसूळ होऊन मणका दबला आहे का ते बघतात, पुरुषांना हे होत नाही असा एक गैरसमज आहे.)

आणि आता मुद्द्याचं, ज्यासाठी तुमचं पत्र मी निवडलं. चार महिन्यांत ७२ चे ६६ झाले, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. ते गेले कुठून?

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायू, म्हणजे मसलही जातं. तुम्ही तर त्यात प्रोटीनच बंद केलं, नुस्तं नाही, अंडी नाहीत, आणि पेज तर बहुतेक पाणीच. तरुण माणसाचं गेलेलं मसल परत येतं, सत्तरीत ते यायला फार कष्ट पडतात, आणि गंमत म्हणजे पुढे खाणं सुटलं की वजन परत येतं ते चरबी म्हणून येतं. काट्यावर पुन्हा ७२ दिसणार, पण ते आधीचे ७२ नसणार.

माझ्या बाबांचं सांगते. ते डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात होते. कुठे वजनाचं मशीन दिसलं, ते दिवे लागतात ना लाल-हिरवे तसलं, की नाणं टाकायचे, आणि ते पुठ्ठ्याचं तिकीट, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, ते घरी आणून पेढ्यांच्या जुन्या डब्यात ठेवायचे. डबाभर तिकिटं, आणि जवळजवळ सगळ्यांवर ६२. "लग्नातलं वजन अजून तेच आहे" हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलंय. मी तेव्हा आहारशास्त्र शिकत होते आणि मलाही त्याचा अभिमान, काय सांगू. आणि ७१ व्या वर्षी एक दिवस आंघोळीच्या बुटक्या स्टुलावरून त्यांना उठताच येईना. दुखत काही नव्हतं, पडले नव्हते, फक्त उठता येईना, आत बसून आईला हाका मारत होते. नंतर त्यांच्या पॅन्ट बघितल्या तर कमरेला शिंप्याकडून दोनदा सोडवून घेतलेल्या आणि मांडीत मात्र कापड फडफडत होतं. मांड्यांतलं सगळं हळूहळू पोटावर आलं होतं, काटा बिचारा काय सांगणार, बेरीज तीच होती. डब्यातल्या शेवटच्या तिकिटावरही ६२ च होतं.

म्हणून मी आता काट्यावर उभं करायच्या आधी खुर्चीवर बसवते. तुम्हीही करा, उद्या सकाळी, अंधारी येत नसताना आणि काकूंना शेजारी उभं करून. जेवणाच्या टेबलाची साधी बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लास्टिकची नको, ती सरकते), दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं, जमेल तितक्या चटकन. नातवाला मोबाईलमध्ये वेळ लावू दे. बारा सेकंदांच्या आत झालं तर छान. बारा किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी पडतेय, आशियाई देशांच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली ही रेघ आहे. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर ते डॉक्टरांना सांगायच्या यादीत घाला.

मग पोटरी. खुर्चीत बसून पाय जमिनीवर सपाट, पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजा, टेप आवळायचा नाही. पुरुषाची ३४ सेंटीमीटरच्या खाली असेल तर मसल कमी झालंय असं धरतात. टेप नसला तर जपानमध्ये एक सोपी युक्ती करतात, दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जोडून कडं करायचं आणि पोटरीच्या जाड भागाला घालायचं. बोटं जुळतच नाहीत तर उत्तम. कडं सैल बसून मध्ये फट राहते तर मसल गेलंय. सुजलेले पाय असले तर हे दोन्ही फसतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि पोट. पुरुष पोट मोजतात ते पॅन्टच्या पट्ट्यावर, आणि पट्टा तर कधीच पोटाखाली सरकलेला असतो, म्हणून "माझी कंबर अजून चौतीसच" म्हणणारे सगळ्या गावात दहा-बारा भेटतात. शर्ट वर करून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही, बघायला कोणी नाहीये. आपल्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही रेघ, साडेपस्तीस इंच म्हणा. दुसरा ढोबळ हिशोब म्हणजे आपल्या उंचीएवढा दोरा घ्यायचा, मधोमध दुमडायचा, तो पोटाभोवती पुरला पाहिजे. म्हातारपणी हा दोरा जरा कडक पडतो, त्यात बोटभर कमी पडलं तर रात्र जागवू नका.

तर मास्तर, खुर्ची चांगली, पोटरी चांगली आणि पोट ९० च्या आत, तर २४.९ असो नाहीतर २५.८, मी तुम्हाला हातही लावला नसता. आणि खुर्ची वाईट, पोटरी बारीक, पोट मोठं असेल तर अ‍ॅपवर कितीही हिरवं असलं तरी मला ते लालच.

आता जेवणाचं. आजपासून नुस्तं चालू करा, ही विनंती नाही. तुमच्या वयात रोज वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रोटीन हवं, म्हणजे तुम्हाला साधारण ६६ ते ८०. तुम्ही जे लिहिलंय त्यात चाळीससुद्धा भरत नसणार. आता शंभर ग्रॅम बांगड्यात, काटे सोडून, १९-२० ग्रॅम प्रोटीन आहे, तारल्यांतही साधारण तसंच, आणि त्यातली चरबी हृदयाला चांगलीच. भीती कसली होती तुम्हाला, नारळाची? रव्यात घोळून तेलात तळलेलं रोज नको, पण हुमण (नारळाच्या वाटणातलं कालवण) खा, आमटीतलं खा, तव्यावर थोड्या तेलात भाजलेलं खा. सध्या पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस आहेत हे माहीत आहे, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बाहेर जाणार नाहीत आणि बाजारात जे येतं त्याचे भाव ऐकूनच वजन उतरतं. त्यावर उपाय म्हणून खाऱ्या सुक्या नुस्त्यावर तुटून पडू नका, तुम्हाला बीपी आहे, चवीला एखादा सुका बांगडा ठीक. त्याऐवजी सकाळी दोन अंडी, बारा-तेरा ग्रॅम तिथेच झाले, बरोबर पोदेराची (पाववाल्याची) एक पोळी. सोमवारी आणि श्रावणात आळसांद्याचं (मोठ्या चवळीचं) तोंडाक म्हणजे रस्सा, किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाचं कालवण), एक मोठी वाटी, चमचाभर नाही. चार वाजता काळ्या चहाऐवजी कपभर दूध किंवा मूठभर भाजलेले चणे. रात्री पेज सोडायची नाही हो, गोंयकाराला पेज सोड म्हणणारी मी कोण, पण पेजेबरोबर दाट डाळ, दही, नाहीतर दुपारच्या नुस्त्याचा तुकडा घ्या, निव्वळ पेज आणि लोणचं म्हणजे उपासच. आणि प्रोटीन सगळं दुपारी एकदम नको, तीन वेळेला वाटून, म्हाताऱ्या शरीराला प्रत्येक जेवणात थोडं जास्त लागतं तेव्हा कुठे मसल हलतं. फक्त एक, बीपी आहे म्हणून क्रिएटिनीन (किडनीसाठीची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या, किडनी अधू असेल तर वरचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, मग डॉक्टर सांगतील तेवढंच. फेणीचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही.

पोट कमी करायचं असेलच तर काय कापायचं? संध्याकाळची खारी, बिस्किटं, शेव, तिठ्यावरचं भजी-पाव, चहातली तीन चमचे साखर, आणि दुपारचा भाताचा दुसरा हात. पहिला नाही, दुसरा. नुस्त्याचा तुकडा सगळ्यात शेवटी कापायचा असतो आणि तुम्ही तो सगळ्यात पहिला कापलात.

चालणं चांगलं आहे, चालू ठेवा, शुगर, बीपी, झोप सगळ्याला उपयोगी, पण सपाट रस्त्यावर पाऊण तास चालून मांड्यांना काही काम मिळत नाही, त्या सवयीने चालतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचं काम हवं. वरची अंधारी निस्तरली की तीच खुर्ची घ्या, दहा वेळा उठ-बस, थोडं थांबून परत दहा, सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल. सिंकला धरून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या भरून हातात घेऊन दंड वाकवायचे. जवळच्या देवळाच्या पायऱ्या असतील तर चालण्याचा रस्ता तिकडून न्या. छातीत दुखलं, धाप लागली तर थांबायचं आणि दाखवायचं, हे वेगळं सांगायला नको. आठ-दहा आठवड्यांत काट्यावर फरक दिसला नाही तरी खुर्चीवर दिसेल, माझ्या बाबांना तीन महिन्यांत त्या स्टुलावरून उठता येऊ लागलं, जरी तिकीट बघायचं ते काही शेवटपर्यंत सुटलं नाही.

डॉक्टरकडे जाताच आहात तर शुगर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी आणि थायरॉईड सांगून करून घ्या. वजन तुम्ही ठरवून उतरवलंय म्हणून मी अजून घाबरले नाही, पण खाणं वाढवल्यावरही काटा खालीच जात राहिला, तर तिठ्यावरच्या लोकांचा प्रश्न गंभीरपणे घ्यायचा. न ठरवता सहा महिने-वर्षात वजन पाच टक्क्यांनी उतरणं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, ही कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने अंगावर काढायची गोष्ट नाही, कारण शोधलंच पाहिजे. लोक म्हणतात "बरं झालं, बारीक झाला" आणि चार महिने तसेच जातात.

सध्या ६६ वरच थांबा, आणखी उतरवायचं नाही. दोनेक किलो परत आले तर येऊ दे, फक्त ते कुठे येतायत ते महिन्यातून एकदा टेपने बघा, पोटरी एक आणि पोट एक, त्याच दिवशी, त्याच वेळी, जेवणाआधी. नातवाला अ‍ॅप काढून टाकायला सांगू नका, त्याला त्यात दोन कॉलम करून द्यायला सांगा.

आणि नेवऱ्या. चवथीला खायच्या. शुगर तपासून नॉर्मल आली असेल तर जेवणावर दोन खुशाल, शुगर निघाली तर एक आणि त्या दिवशी भात कमी. मात्र चवथ झाल्यावर डबा तुमच्या खोलीत ठेवू नका, नातवाच्या ठेवा.